वीतभर तांबडं

कारबॉस्टच्या मागच्या कड्यात
काळ्या दगडावर काळा दगड
आणि मध्ये वीतभर तांबडं,
दोन भाकऱ्यांमध्ये चटणी दडपावी तसं.

मर्डो मॅकअस्किल म्हणतो, हे आमच्या आजाचं दुकान.
आजा इथून खरवडून न्यायचा, तेलात कालवायचा,
आणि मेंढ्यांच्या पाठीवर ओढायचा पट्टा:
डाव्या कुशीवर असला तर आपली,
उजव्या कुशीवर असला तर शेजाऱ्याची,
दोन्हीकडे असला तर भांडण.

मी ऐकते, गुडघ्यांवर बसून, चमच्याने माती काढत.
स्वयंपाकघरातलाच चमचा.
विद्यापीठाची करणी पहिल्याच दिवशी वाकली.
चिमूटभर दातांत धरते,
कचकचली तर वाळू, विरघळली तर चिकणमाती.
मर्डो समुद्राकडे बघू लागतो.
जरा वेळाने विचारतो, चव कशी?
उष्ण, मी म्हणते.
आणि ते काही खोटं नाही.

इथे लाव्हा आला, निवला,
मग काहीच झालं नाही.
काहीच नाही म्हणजे
पाऊस, ऊन, पुन्हा पाऊस,
भेगा हुडकणारी मुळं.
दगडातला चुना आधी गेला,
मग सोडा, मग गारेचा अंशसुद्धा
पाण्याबरोबर चालता झाला.
लोखंड तेवढं राहिलं,
आणि राहून राहून गंजलं.

आज स्कायवर मे महिना आहे
आणि माझ्या अंगावर दोन स्वेटर.
या थंडीत दगड नुसता भिजतो,
असा लाल होत नाही.
म्हणजे सहा कोटी वर्षांमागे इथे
घाम फुटावा असं ऊन होतं.
घाम यायला कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

तळाशी दगड कांद्यासारखा सुटतो,
पापुद्र्याखाली पापुद्रा,
आणि गाभ्यात एक काळा गोटा,
ज्याला यातलं काहीच अजून पटलेलं नाही.
वरच्या अंगाला माती विटेसारखी भाजलेली,
दुसरा लाव्हा तिथे टेकला.
केसाएवढं एक मूळ
कोळसा होऊन उभंच्या उभं.

अहवालात एक रकाना कोरा आहे:
दोन लाव्हांमधला काळ.
दहा हजार लिहिलं, खोडलं.
एक लाख लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
ते प्रश्नचिन्ह तेवढं मला बरोबर वाटतं.

मर्डोला सांगते,
सावंतवाडीला आमची शाळा जांभ्याच्या चिऱ्यांची.
माती याच नात्यातली, वयाने बरीच धाकटी.
भिंतीला टेकलं की गणवेशाच्या पाठीवर लाल डाग,
साबणाला न जुमानणारा.
आई दर रविवारी त्या भिंतीचा उद्धार करायची.
तो शांतपणे म्हणतो,
मग तुझ्यावरही खूण आहे. हरवायची नाहीस.
मी रंगांची वही उघडते
आणि उगाच पान शोधत बसते.

हल्ली त्याच्याकडे निळ्या फवाऱ्याचा डबा असतो.
पण संध्याकाळी गोठ्याशी
तो माझ्या पिशवीत हात घालतो, न विचारता,
मूठभर तांबडं थुंकीत मळतो
आणि एका म्हाताऱ्या मेंढीच्या डाव्या कुशीवर
आजासारखा पट्टा ओढतो.
ती अंग झाडते, उतरणीला लागते,
एक जुना उन्हाळा लोकरीवर घेऊन
भुरभुरत्या पावसात.

रात्री वजनकाट्यावर पिशव्या ठेवल्या.
नोंद केली:
नमुना क्रमांक सात, वजन कमी.
कारण: मेंढी.